बोरताळ तलावावरील किल्लीबाबत

दि. २५/०४/२०२६, शनिवार
जबाब सुरू केल्याची वेळ : सकाळी ८.५०

मी, हणमंत शेषेराव देवणीकर, वय ७६ वर्षे, धंदा सध्या काही नाही, पूर्वी संस्कृत विषयाचा शिक्षक, रा. बोरताळ, ता. उदगीर, जि. लातूर. मोबाईल नाही. कुटुंबात मी व माझी पत्नी पार्वतीबाई, वय ७१ वर्षे, असे दोघेच आहोत. अपत्य नाही.

कोणीही न बोलावता समक्ष हजर होऊन सांगतो की, काल शुक्रवारी सकाळी बोरताळ तलावात गाळ काढणाऱ्या पोकलेन मशिनची किल्ली नाहीशी झाली. त्याबद्दल कामावरील मुकादम साहेबराव यांनी काल सायंकाळी या ठाण्यात अर्ज दिला असून अर्जात नीलम्मा या बाईंवर संशय घेतला आहे. नीलम्मा यांनी किल्ली घेतलेली नाही. ती मी घेतली. नीलम्मा या क्षणी ठाण्याच्या ओट्यावर बसल्या आहेत. त्यांचे नाव यातून काढावे व त्यांना घरी जाऊ द्यावे, ही माझी पहिली विनंती आहे.

जबाब लिहून घेणाऱ्या हवालदार ऋतुजाबाई यांनी किल्ली कोठे आहे असे विचारले. किल्ली माझ्या अंगावर, बंडीच्या आतल्या खिशात आहे. ती मी आजच, येथेच, याच टेबलावर ठेवणार आहे. मात्र आधी जबाब पुरा व्हावा आणि मग ती घ्यावी, ही माझी दुसरी विनंती आहे. कारण क्रमाने येईल. त्यावर ऋतुजाबाई म्हणाल्या, "गुरुजी, इथं विनंत्या आम्ही करत असतो." तरीही त्यांनी लिहिणे थांबविले नाही, हे नमूद करावे असे मी सांगितले व त्यांनी ते केले.

बोरताळ हे पार्वतीबाईंचे माहेर. मी निवृत्त झाल्यापासून आम्ही तेथेच राहतो. सात वर्षांपूर्वी काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. तेव्हापासून रोज सूर्योदयापूर्वी आम्ही दोघे तलावावर जातो. त्या माझ्या उपरण्याचे टोक धरून चालतात. मी पाण्यात उभा राहून सूर्यास अर्घ्य देतो, त्या काठावरच्या सपाट दगडावर बसतात. अर्घ्य झाल्यावर मी शेजारी बसून मला जे दिसते ते सांगतो. त्यांना जे ऐकू येते ते त्या सांगतात. दोहोंचे मिळून त्या दिवसाचे तळे पुरे होते. आजारपणाचे अकरा दिवस सोडल्यास या क्रमात खंड पडलेला नाही.

मला मुद्द्याचे सांगण्याची सूचना देण्यात आली. जे सांगत आहे ते मुद्द्याचेच आहे.

चैत्र शुद्ध दशमी, शनिवार, दि. २८ मार्च रोजी तलावाच्या सुकलेल्या पोटात, पाण्याच्या कडेपासून अंदाजे चाळीस पावलांवर, म्हशीच्या खुराने पडलेल्या खळग्यात टिटवीने चौथे अंडे घातले. पहिली तीन त्याआधीच्या आठवड्यात घातलेली होती. चार अंडी पुरी झाल्यावर मादी बसू लागली. अंड्यांची निमुळती टोके आत वळलेली होती. खळग्याच्या कडेने पक्ष्यांनी खडे मांडलेले होते. हे सर्व मी वीस हात लांबून पाहिले. अंड्यास मी वा अन्य कोणी स्पर्श केला नाही.

आमच्या भागात टिटवी कोठे अंडी घालते ते पाहून पावसाचा अंदाज करतात. बांधावर घातली तर पाऊसकाळ चांगला, तळ्याच्या पोटात घातली तर पाण्याची ओढ. त्यामुळे दर चैत्रात गावातले लोक पार्वतीबाईंना येऊन विचारतात. यंदा त्यांनी खरे ते सांगितले. ते कोणास आवडले नाही. एक जण म्हणाला, "काकू, जरा वर सरकवून सांगा की." त्यावर पार्वतीबाई म्हणाल्या, "मी सरकवून सांगीन बाबा, पण ढगाला कोण सांगणार हाय?"

त्या घरट्यापासून वीस पावलांवर नीलम्मा यांचा गाळपेऱ्याचा तुकडा आहे. तलाव आटला की उघड्या पडलेल्या गाळात त्या काकडी व टरबूज लावतात. त्या मूळच्या बिदर भागातल्या असून कन्नड मिसळून मराठी बोलतात. वय साठीच्या पुढे आहे. त्या एकट्या आहेत. पाणी देताना घरट्याच्या बाजूची एक ओळ त्या गेला महिनाभर कोरडी सोडत होत्या. ती ओळ जळाली. त्याबद्दल त्यांनी माझ्याकडे अगर कोणाकडे काही म्हटलेले नाही.

चैत्र वद्य द्वादशीस गाळ काढण्याचे काम सुरू झाले. पोकलेनचे चालक ग्यानोबा हे निलंग्याकडील आहेत, वय अंदाजे चाळीस. खोदकामाची आखणी घरट्यावरून जात होती, कारण टिपर खाली उतरण्याचा रस्ता तेथूनच धरलेला होता. मी ग्यानोबांना घरटे दाखविले. त्यांनी मशिन बंद केले, खाली उतरले व बराच वेळ पाहून म्हणाले, "गुरुजी, मला तर खडेच दिसून राहिलेत." मी म्हणालो, त्यांतले चार खडे जिवंत आहेत. ते म्हणाले, "मंग दुसरीकून धरतो. पण किती दिवस?"

येथे माझ्या हातून चूक झाली. ती सविस्तर लिहावी.

टिटवी अंड्यांवर अठ्ठावीस दिवस बसते, हे मला पार्वतीबाईंनी सांगितलेले होते. मी मुंज झाल्यापासून सर्व व्यवहार तिथीने मोजतो. वीज गेली तरी ती कोणत्या तिथीस गेली हे मला आठवते, तारीख आठवत नाही. त्यानुसार मी बोटांवर मोजले आणि ग्यानोबा व मुकादम साहेबराव यांना सांगितले की, वैशाख शुद्ध अष्टमीस सूर्योदयापर्यंत पिले निघून जातील, तोपर्यंत ही जागा सोडावी. साहेबराव म्हणाले, "अष्टमी म्हणजे शुक्रवार. शुक्रवारी सकाळी हितून रस्ता काढणार बगा. मग पुना दशमी न् एकादशी करायची न्हाई." मी शब्द दिला. साहेबरावांनीही तो पाळला. घरट्याभोवती चार काड्या रोवून पार्वतीबाईंच्या जुन्या लुगड्याचा काठ बांधला, त्याला गाठ मारण्यास साहेबराव स्वतः वाकले होते. त्यांच्याविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही.

यंदा वैशाख शुद्ध चतुर्थीचा क्षय आहे. ती तिथी सोमवारी सूर्य उगवल्यानंतर लागली व मंगळवारी सूर्य उगवण्यापूर्वी संपली. तिला सूर्योदय मिळालाच नाही. माझ्या बोटावर ती मोजली गेली. अंड्यावर बसलेल्या पक्ष्यास ती मिळाली नाही. अठ्ठावीस तिथ्या शुक्रवारी पुऱ्या झाल्या, अठ्ठावीस दिवस शनिवारी, म्हणजे आज. सोमवारी तृतीया असतानाच मला विनायकी चतुर्थीचा उपवास धरावा लागला, तेव्हा पार्वतीबाई म्हणाल्यादेखील होत्या, "यंदा एक दिवस गिळला बघा पंचांगानं." मी होय म्हणालो आणि पोथी वाचू लागलो. चौतीस वर्षे शिकविलेल्या माणसाने इतके ऐकूनही दिवस पुन्हा मोजले नाहीत.

काल शुक्रवारी सकाळी ६.०५ वाजता आम्ही तलावावर पोहोचलो. चारही अंडी तशीच होती. मादी बसलेली होती. मी पार्वतीबाईंना तसे सांगितले. त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही मोजलं कसं?" मी सांगितले. त्या म्हणाल्या, "अन् चतुर्थी?" मी बोटांवर पुन्हा मोजले, तेव्हा एक दिवस कमी भरला.

६.२० वाजता ग्यानोबा आले. मी त्यांना एक दिवस मागितला. त्यांनी साहेबरावांना फोन लावून माझ्या हाती दिला. साहेबराव म्हणाले, "गुरुजी, तुमीच अष्टमी म्हणलात. सात टिपर निघून राहिलेत हिकडं. आता टिटवीनं तारीख वाढवून मागितली म्हणून मी वर काय सांगू?" मी म्हणालो, टिटवीने नव्हे, चूक माझी आहे. ते म्हणाले, "मग लईच अवघड हाय. टिटवीला तरी सोडलं असतं." त्यांनी फोन ठेवला. त्यांचे म्हणणे रास्त होते.

अंडी उचलून दुसरीकडे ठेवता येत नव्हती. हलविलेल्या अंड्यांवर टिटवी पुन्हा बसेल याचा भरवसा नसतो, असे पार्वतीबाईंनी सांगितले व त्यांचे सांगणे आजवर चुकलेले नाही.

ग्यानोबांनी ६.३५ वाजता मशिन सुरू केले. दोन्ही टिटव्या उठून मशिनच्या समोर ओरडू लागल्या. नर एक पंख जमिनीला घासत, मोडल्यासारखा करून, मशिनला दुसरीकडे ओढू लागला. ग्यानोबांनी मशिन बंद केले. खाली उतरून ते मला म्हणाले, "गुरुजी, मी त्वांड धुवून येतो. टिपर यायला धा मिन्टं हायत." आणि ते बांधापलीकडच्या हापशाकडे गेले. मशिनची किल्ली ते काळ्या गोफात घालून नेहमी गळ्यात अडकवतात. काल ती मशिनमध्येच का राहिली, हे त्यांनाच ठाऊक. हापशाशी त्यांनी वळून पाहिले किंवा कसे, हे मला माहीत नाही. पुन्हा विचारले तरी मी हेच सांगेन.

मी मशिनच्या पट्ट्यावर चढलो. मला चढण्यास वेळ लागला. किल्ली काढली, खाली उतरलो व ती अर्घ्याच्या कमंडलूत टाकली. वेळ ६.४५. मुंजीच्या दिवशी जी व्रते मला सांगितली गेली त्यांत चोरी न करणे हे एक होते. ते एकाहत्तर... ऋतुजाबाईंनी विचारले, मुंज कितव्या वर्षी झाली. आठव्या. म्हणजे अडुसष्ट वर्षे पाळले, असे लिहावे.

मी खाली उतरलो तेव्हा नीलम्मा काकडीच्या वेलांत उभ्या होत्या. त्यांनी मला पाहिले. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि पुन्हा खुरपायला बसल्या.

टिपर आले व परत गेले. दुसरी किल्ली लातूरला मालकांकडे असून ते परगावी गेल्याने काम दिवसभर बंद राहिले. साहेबरावांनी सर्वांना विचारले. मला विचारले नाही. ते माझ्याजवळ आले, पाया पडले आणि पुढे गेले. मी तेथे बोलावयास हवे होते. मी बोललो नाही. साहेबरावांनी नीलम्मांना विचारले असता त्या "गोत्तिल्ला" एवढेच म्हणाल्या. कन्नडमध्ये त्याचा अर्थ ठाऊक नाही असा होतो. त्यांना ठाऊक होते. टिपरच्या रस्त्यावरून त्यांचे व साहेबरावांचे आठवड्यापूर्वी भांडण झालेले असल्याने संशय त्यांच्यावर गेला.

घरी आल्यावर मी किल्ली पार्वतीबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती चाचपून पाहिली व म्हणाल्या, "एवढीशी? एवढ्या मोठ्या मशिनीला?" मग म्हणाल्या, "देवघरात ठेवू नका." चोरीची वस्तू देवापाशी ठेवता येत नाही हे मलाही माहीत आहे. मी ती पंचांगात, वैशाखाच्या पानांमध्ये ठेवली. पान अजून तसेच फुगलेले आहे. पंचांग हवे असल्यास हजर करीन. रात्री मी जेवलो नाही, त्याही जेवल्या नाहीत. उपवास नव्हता.

आज शनिवार, वैशाख शुद्ध नवमी. आम्ही ५.५० वाजता तलावावर पोहोचलो. किल्ली मी बरोबर घेतली होती. दगडावर बसण्यापूर्वीच पार्वतीबाई थांबल्या व म्हणाल्या, "आवाज बदललाय." मला बदल ऐकू आला नाही. उजाडल्यावर पाहिले तर मादीच्या पोटाखाली एक ओले पिलू होते. ६.४० पर्यंत दुसरे आणि ७.०५ ला तिसरे बाहेर आले. मादीने टरफले चोचीत धरून लांब नेऊन टाकली. चौथ्या अंड्यास भोक पडलेले होते व आत चोच हलत होती.

त्याच वेळी ग्यानोबा माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "गुरुजी, नीलम्मामावशीला धा वाजता ठाण्यात बोलावलंय. काल सांजच्याला कागद गेला." मला हे आधी समजले असते तर मी कालच आलो असतो. ते समजून घेणे माझे काम होते.

टिटवीची पिले अंगावरचे पाणी सुकले की काही तासांतच घरटे सोडतात व आईच्या मागे पाण्याकडे चालत जातात. परंतु चौथे निघाल्याखेरीज आई उठत नाही. ती उठेपर्यंत मशिन सुरू होता कामा नये, आणि नीलम्मा दहा वाजता ठाण्यात उभ्या राहता कामा नयेत. या दोन्ही गोष्टी एकाच किल्लीवर होत्या. मी पार्वतीबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "तुम्ही जा. खरं सांगा. पण सगळं सांगा, घाई करू नका." त्या तलावावरच थांबल्या. ग्यानोबा त्यांच्याजवळ बसले आहेत.

८.०० वाजता फाट्यावरून ॲपेने निघालो. नीलम्मा त्याच ॲपेत होत्या. दहाचे बोलावणे असताना त्या लवकर निघाल्या होत्या, कारण नंतर ऊन होते. मी त्यांना म्हणालो, मी सांगावयास चाललो आहे, तुम्ही परत जा. त्या म्हणाल्या, "नीवू सुम्मने, उगी बसा अप्पा. मला काय करतेत? म्हातारीला आत घालून तिला भाकर कोण घालील?" नंतर त्यांनी ओटीतली एक काकडी मला दिली. ती माझ्या पिशवीत आहे. तिचा या प्रकरणाशी संबंध नाही.

येथपर्यंत लिहून झाल्यावर ऋतुजाबाईंनी लेखणी खाली ठेवली. वेळ ९.३५. त्यांनी विचारले, "म्हंजे चौथं अजून आतच हाय?" मी म्हणालो, मी निघालो तेव्हा होते. त्यांनी विचारले, "अन् तुम्ही किल्ली दिली की मी ती मुकादमाला द्यायची?" मी म्हणालो, नियम तसाच असावा. मग त्यांनी नवा कागद घेतला आणि म्हणाल्या, "गुरुजी, तपशील फार कमी दिलाय तुम्ही. त्या तलावावर आणखी कोणकोणती पाखरं येतात, ते लिहून घ्यावं लागंल. सावकाश सांगा."

विचारल्यावरून सांगतो की, काठाच्या ओल्या चिखलात तुतवार असतो. तो उभा राहिला तरी त्याची शेपटी वरखाली होत राहते, जशी जप करणाऱ्याची बोटे थांबत नाहीत. थंडीत येतो, चैत्रात जातो. यंदा एक मागे राहिला आहे. पार्वतीबाई म्हणतात, तो म्हातारा असेल. शेकाटे सध्या अकरा आहेत. पाय लांब व गुलाबी, अंग काळेपांढरे. सोवळे उचलून पाण्यातून चालणाऱ्या माणसाप्रमाणे चालतात. गळ्यात काळी कंठी असलेला लहान चिखल्या पळतो, थांबतो, पुन्हा पळतो. थांबला की दिसत नाही, त्यामुळे तो मला पार्वतीबाईंना विचारावा लागतो. त्या ऐकून सांगतात, डावीकडे. मी पाहतो, तो डावीकडे असतो.

चक्रवाक हिवाळ्यात येतात. चक्रवाकाच्या जोडप्याचा रात्रीचा विरह मी वर्गात वर्षानुवर्षे समजावून सांगितला. पक्षी पाहिलेला नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीस बोरताळला आलो असता पार्वतीबाईंनी पाण्याकडे बोट करून सांगितले, "ते बघा तुमचे चक्रवाक. रात्री एकमेकांपासून चार हातांवर झोपलेले असतात. रडत बिडत न्हाईत." त्या वेळी त्यांना दिसत होते. तळ्यावर मला जे ओळखता येते ते सर्व त्यांनी दाखविलेले आहे. आता मी त्यांना सांगतो, म्हणजे त्यांचेच त्यांना परत देतो.

९.५० वाजता मुकादम साहेबराव ठाण्यात आले. किल्ली मी घेतली हे ऋतुजाबाईंनी त्यांना सांगितले. ते दारातच थांबले. म्हणाले, "मला काल चिखलात तुमच्या खडावाचा ठसा दिसला व्हता. म्हणलं, गुरुजी मशिनीवर कशाला चढतील. कुणी तरी खडावा चोरल्या असतील." मग ते ओट्यावर गेले. नीलम्मांना काय म्हणाले ते मला ऐकू आले नाही. नीलम्मांचे उत्तर ऐकू आले. त्या म्हणाल्या, "इल्ला, न्हाई. आधी माझ्या वेलावरून टिपर काढ, मग माफी माग." परत आल्यावर साहेबरावांनी नीलम्मांवर आपला संशय राहिलेला नाही असे सर्वांसमक्ष सांगितले व तसे लिहून देण्याचे कबूल केले.

त्यानंतर ते बाकावर बसले व घड्याळ पाहू लागले. म्हणाले, "पाखरं मोजून झाली असतील तर किल्ली द्या गुरुजी. टिपर हुबे हायत." ऋतुजाबाई म्हणाल्या, "जबाब चालू आहे. बसा." ते म्हणाले, "कितवं पाखरू चालू हाय?" ऋतुजाबाई म्हणाल्या, "पाचवं." ते म्हणाले, "तळ्यावर लई हायत, ताई." आणि मागे टेकून बसले. काही वेळाने त्यांनी आपण होऊन सांगितले की, बांधाच्या टोकाला उघड्या चोचीचा मोठा करकोचा रोज येतो व गोगलगायी खातो, तो गुरुजींनी सांगितला नाही. तो राहिला होता. तो त्यांच्या सांगण्यावरून येथे लिहिला आहे.

१०.१८ वाजता साहेबरावांचा फोन वाजला. पलीकडे ग्यानोबा होते. त्यांनी फोन पार्वतीबाईंच्या हाती दिला. साहेबरावांनी सर्वांना ऐकू येईल असा आवाज मोठा केला. पार्वतीबाई म्हणाल्या, "अहो, निघालं. मघाच निघालं, पण मी सुकायची वाट पाहत होते. आता चारी उठलीत. ती पुढं चाललीय. तीन तिच्या पायांत आहेत. चौथं मागं राहतंय, ग्यानोबा सांगतोय. चार पावलं चालतं अन् बसतं." येथे त्या थांबल्या. फोनमधून टिटवीचा आवाज येत होता. नंतर म्हणाल्या, "थांबली ती. त्याच्यासाठी थांबली. तुम्ही आता किल्ली देऊन टाका."

साहेबरावांनी फोन बंद केला नाही, तो तसाच हातात धरला. दोन मिनिटांनी ग्यानोबांचा आवाज आला, "पाण्याला लागली समदी. चारी."

१०.२१ वाजता मी काळ्या गोफासह किल्ली टेबलावर ठेवली. साहेबरावांनी ती उचलली नाही. म्हणाले, "राहू द्या. पाण्यापासनं जरा लांब जाऊ द्या त्यांना. आज जेवण झाल्यावर चालू करू."

किल्ली मी कोणाच्या सांगण्यावरून घेतली नाही. ग्यानोबा यांचा त्यात हात नाही. पार्वतीबाईंना ती घेतल्यानंतर समजले. नीलम्मा यांना ठाऊक होते, परंतु न बोलणे हा अपराध असेल तर तो काल दिवसभर माझ्याकडूनही घडला व मला बोलण्याचे अधिक कारण होते. दिवस मोजण्यातील चूक, साहेबरावांस दिलेला शब्द मोडणे आणि परक्याची वस्तू न विचारता उचलणे, ही तिन्ही माझी आहेत. कायद्याप्रमाणे जी कारवाई होईल ती मला मान्य आहे. त्याखेरीज माझ्या धर्माप्रमाणे जे प्रायश्चित्त आहे ते मी घरी घेईन. नीलम्मा यांची काकडीची जी ओळ जळाली तेथे रोज सकाळी अर्घ्यानंतर एक कळशी पाणी मी घालणार आहे. त्यांनी नको म्हटले आहे. तरी घालीन.

सदर जबाब ऋतुजाबाईंनी मला सावकाश मोठ्याने वाचून दाखविला. त्यात माझे नाव, तिथ्या, वेळा, पक्ष्यांची संख्या व माझा दोष मी सांगितला तसाच उतरला आहे. एकच दुरुस्ती सुचविली. 'अठ्ठावीस दिवस' जेथे लिहिले आहे तेथे 'अठ्ठावीस सूर्योदय' असे असावे. ऋतुजाबाई म्हणाल्या, आता कागदावर खाडाखोड नको, तोंडी लक्षात ठेवू. ते मला मान्य आहे. कोणताही दबाव नसता, माझ्या इच्छेने सही करीत आहे.

नीलम्मा यांना ९.०० वाजताच जाण्यास सांगितले होते. त्या गेल्या नाहीत. परतीच्या ॲपेसाठी माझी वाट पाहत त्या ओट्यावर बसल्या आहेत.

सही/-
हणमंत शेषेराव देवणीकर

समक्ष
सही/-
ऋतुजा शिवशंकर बिरादार
महिला पोलीस हवालदार
वेळ : सकाळी १०.५५